निवृत्ती खात्यातून धम्मदान : अमेरिकेच्या करविवरणात नोंद कशी करायची?

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे आवाहन केले. आपले विहार, वसतिगृहे आणि वाचनालये कोणा धनिकाच्या देणगीतून उभी राहिली नाहीत. गिरणी कामगार, रेल्वे कर्मचारी, शिक्षक आणि कारकून यांच्या वर्गणीतून ती उभी राहिली. दान ही दहा पारमितांपैकी एक, पण आपल्या समाजात ते सामाजिक कर्जाची परतफेडही आहे.

शिक्षणाच्या बळावर गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत गेलेल्या आंबेडकरी पिढीतील अनेक जण आज सत्तरीच्या पुढे आहेत. नोकरीच्या काळात साठवलेली त्यांची पुंजी 'आयआरए' या निवृत्ती खात्यात आहे. या खात्यातून थेट धर्मादाय संस्थेला दिलेल्या रकमेवर अमेरिकेत प्राप्तिकर लागत नाही. ही सवलत २००६ च्या कायद्याने आली आणि २०१५ मध्ये कायम झाली. मात्र वर्षाअखेर हातात येणाऱ्या कागदावर ही रक्कम बहुधा करपात्र म्हणूनच छापलेली असते. दान करमुक्त आहे हे विवरणपत्रात दात्याने स्वतः सांगावे लागते. सांगितले नाही, तर विहाराला दिलेल्या पैशावरही कर भरला जातो आणि ते लक्षातही येत नाही.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, अमेरिकेत राहणारे आणि आई-वडिलांचे किंवा ओळखीच्या ज्येष्ठांचे विवरणपत्र भरायला मदत करणारे तरुण. दुसरे, तिथल्या आणि इथल्या संस्थांचे कार्यकर्ते, जे देणगी मागतात, स्वीकारतात आणि पावती देतात. लेखातील आकडे २०२५ या करवर्षाचे आहेत. त्याचे विवरणपत्र भरण्याची मुदत १५ एप्रिल २०२६ आहे.

ही सवलत नेमकी काय आहे?

इंग्रजीत तिला 'क्वालिफाइड चॅरिटेबल डिस्ट्रिब्युशन' म्हणतात. सगळेजण 'क्यूसीडी' म्हणतात, आपणही तेच म्हणू. आयआरएमधून पैसे काढले की ती रक्कम एरवी उत्पन्नात धरली जाते. क्यूसीडीची रक्कम उत्पन्नातच धरली जात नाही. त्यामुळे ही वजावट नाही, उत्पन्नातून वगळणूक आहे. हा फरक नीट समजला की पुढची सगळी नोंद सोपी होते.

फरक महत्त्वाचा का, ते पाहू. साधी देणगी दिली, तर तिची वजावट मिळवण्यासाठी 'शेड्यूल ए' भरून सगळे खर्च तपशीलवार दाखवावे लागतात. ६५ वर्षांवरील पती-पत्नी एकत्र विवरणपत्र भरत असतील, तर २०२५ साठी त्यांची प्रमाणित वजावटच ३४,७०० डॉलर होते. तपशीलवार खर्च तेवढे होत नसतील, तर देणगीचा करात काहीच उपयोग होत नाही. बहुसंख्य निवृत्तांची स्थिती अशीच असते. क्यूसीडीसाठी मात्र शेड्यूल ए लागत नाही. प्रमाणित वजावट पूर्ण मिळते आणि दानाची रक्कम उत्पन्नातूनही बाहेर राहते.

एकूण उत्पन्नाचा आकडा खाली आल्याने आणखी काही गोष्टी बदलतात. सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनचा किती भाग करपात्र ठरतो, हे उत्पन्नावर अवलंबून असते. तो जास्तीत जास्त ८५ टक्के असू शकतो. मेडिकेअरचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो, म्हणजे २०२५ चे उत्पन्न २०२७ चा हप्ता ठरवेल. २०२५ पासून २०२८ पर्यंत ६५ वर्षांवरील प्रत्येकाला ६,००० डॉलरची जादा वजावट आहे. तीही एकट्याचे उत्पन्न ७५,००० आणि दांपत्याचे १,५०,००० डॉलरच्या पुढे गेले की कमी होत जाते.

अटी

वय. खातेधारकाने रक्कम निघण्याच्या दिवशी साडेसत्तर वर्षे पूर्ण केलेली असावीत. त्या वर्षात कधीतरी पूर्ण होणार, एवढे पुरत नाही. समजा, जन्म १० मार्च १९५५ चा आहे. साडेसत्तर १० सप्टेंबर २०२५ रोजी पूर्ण होतात. ऑगस्टमध्ये पाठवलेला धनादेश क्यूसीडी ठरणार नाही.

खाते. पैसे आयआरएमधूनच निघावेत. नोकरीतील ४०१-के किंवा ४०३-बी खात्यातून क्यूसीडी होत नाही. तिथली रक्कम आधी आयआरएमध्ये वळवून घ्यावी लागते. भारतातील भविष्यनिर्वाह निधी किंवा पीपीएफ यांचा या सवलतीशी संबंध नाही.

मार्ग. रक्कम खाते सांभाळणाऱ्या कंपनीकडून थेट संस्थेला जायला हवी. धनादेश संस्थेच्या नावाने असेल, तर तो दात्याच्या घरी आला आणि त्याने स्वतः नेऊन दिला, तरी चालते. पण पैसे आधी दात्याच्या बँक खात्यात आले आणि तिथून विहाराला गेले, तर ती साधी देणगी झाली. मग मागे जाऊन ती क्यूसीडी करता येत नाही.

मर्यादा. २०२५ साठी एका व्यक्तीला १,०८,००० डॉलर. पती आणि पत्नी यांची मर्यादा वेगवेगळी, पण प्रत्येकाने आपापल्या आयआरएमधून द्यावे लागते.

संस्था. ती अमेरिकेच्या कायद्याखालील पात्र धर्मादाय संस्था हवी, म्हणजे साधारणपणे ५०१ सी ३ दर्जाची सार्वजनिक संस्था. 'डोनर ॲडव्हाइज्ड फंड' आणि बहुतेक खासगी फाउंडेशन यांना क्यूसीडी देता येत नाही.

मोबदला. देणगीच्या बदल्यात दात्याला काहीही मिळता कामा नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भोजन समारंभाचे तिकीट आयआरएमधून घेतले, तर जेवणाची किंमत वजा करून उरलेली रक्कम क्यूसीडी होते, असे नाही. ती पूर्ण रक्कमच अपात्र ठरते. परित्राण पाठ किंवा मंगलमैत्री यांसारख्या निव्वळ धार्मिक लाभाला मात्र ही अडचण नाही.

मुदत. कॅलेंडर वर्ष ३१ डिसेंबरला संपते. खातेधारकाकडे आयआरएचे चेकबुक असेल आणि त्याने स्वतः धनादेश लिहिला असेल, तर तो ३१ डिसेंबरपूर्वी वटलेला असावा. कठीण चीवरदानाच्या किंवा महापरिनिर्वाण दिनाच्या निमित्ताने दिलेले धनादेश संस्थेच्या कपाटात जानेवारीपर्यंत पडून राहिले, तर नुकसान दात्याचे होते.

सक्तीची रक्कम आणि दान

ठरावीक वयानंतर आयआरएमधून दरवर्षी किमान रक्कम काढावीच लागते. तिला 'आरएमडी' म्हणतात. १९५१ ते १९५९ या काळात जन्मलेल्यांसाठी हे वय ७३ आहे आणि १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी ७५. क्यूसीडीची रक्कम या सक्तीच्या रकमेत मोजली जाते. एखाद्या ज्येष्ठाला घरखर्चासाठी त्या पैशांची गरज नसेल, तर तो ही रक्कम किंवा तिचा काही भाग थेट दान करून त्यावरचा कर टाळू शकतो.

इथे क्रम महत्त्वाचा. वर्षात आधी निघालेली रक्कम आधी आरएमडीत मोजली जाते. मार्चमध्ये पूर्ण आरएमडी स्वतःच्या खात्यात घेतली आणि ऑक्टोबरमध्ये दान केले, तर दान करमुक्त राहील, पण मार्चमध्ये घेतलेल्या रकमेवर कर लागेलच. म्हणून दान वर्षाच्या सुरुवातीला, निदान स्वतःसाठी पैसे काढण्याआधी करावे.

कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही

जानेवारीअखेर खाते सांभाळणारी कंपनी 'फॉर्म १०९९-आर' पाठवते. त्याची एक प्रत कर खात्याकडेही जाते. चौकट १ मध्ये वर्षभरात खात्यातून निघालेली एकूण रक्कम असते. चौकट २ ए मध्ये करपात्र रक्कम असते आणि तिथे बहुधा तोच आकडा पुन्हा छापलेला असतो. चौकट २ बी मध्ये करपात्र रक्कम ठरवलेली नाही, अशी खूण असते. ही खूण म्हणजे कंपनीने हात वर केले आहेत. तुमचे तुम्ही ठरवा, असा तिचा अर्थ. चौकट ७ मध्ये संकेतांक असतो, जो निवृत्तांच्या बाबतीत सहसा ७ असतो.

२०२५ च्या फॉर्मपासून क्यूसीडीसाठी 'वाय' हा नवा संकेतांक आला आहे. पण या वर्षी तो वापरणे कंपन्यांना बंधनकारक नाही. त्यामुळे आपल्या फॉर्मवर 'वाय' नसेल, तर आपले दान अपात्र ठरले, असे समजू नये.

नोंद कशी करायची

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ७४ वर्षांच्या एका उपासकाच्या आयआरएमधून २०२५ मध्ये एकूण २०,००० डॉलर निघाले. त्यातील ६,००० डॉलर थेट विहाराला गेले आणि १४,००० त्यांनी स्वतःसाठी घेतले. त्यांच्या १०९९-आरवर चौकट १ आणि २ ए या दोन्हींत २०,००० छापलेले आहे.

१. फॉर्म १०४० च्या ओळ ४ ए मध्ये पूर्ण रक्कम लिहायची : २०,०००.

२. ओळ ४ बी मध्ये करपात्र रक्कम लिहायची : २०,००० वजा ६,०००, म्हणजे १४,०००. संपूर्ण रक्कम दान असती, तर इथे शून्य आले असते.

३. २०२५ च्या फॉर्मवर ओळ ४ सी मध्ये क्यूसीडीसाठी छोटी चौकट आहे. तिच्यात खूण करायची. त्याआधीच्या वर्षांच्या विवरणपत्रात ४ बी च्या शेजारी 'क्यूसीडी' ही अक्षरे इंग्रजीत लिहावी लागत.

४. हेच ६,००० डॉलर शेड्यूल ए मध्ये देणगी म्हणून पुन्हा दाखवायचे नाहीत. एकाच दानाचा दोनदा लाभ घेता येत नाही.

सॉफ्टवेअर वापरत असाल, तर १०९९-आर भरताना यातील काही रक्कम धर्मादाय संस्थेला गेली का, असा प्रश्न येतो. घाईत 'नाही' निवडले, की पूर्ण २०,००० करपात्र होतात. २२ टक्क्यांच्या कर टप्प्यात ही एक चूक १,३२० डॉलरची आहे. सल्लागाराकडे कागद देत असाल, तर १०९९-आरसोबत विहाराचे पत्रही द्या आणि 'यात क्यूसीडी आहे' असे स्पष्ट सांगा. सल्लागाराला कागदावरून ते कळणार नाही.

आणखी तीन बाबी. दानाच्या रकमेतून कर आगाऊ कापून घेऊ नये, कारण कापलेला भाग संस्थेला पोहोचतच नाही आणि तो क्यूसीडीत धरला जात नाही. साडेसत्तर वर्षांनंतरही नोकरी करून आयआरएमध्ये वजावटीची रक्कम भरली असेल, तर तेवढी रक्कम क्यूसीडीच्या करमुक्त भागातून कमी होते. अशा वेळी जाणकाराला विचारावे. आणि राज्याच्या प्राप्तिकराचे नियम वेगळे पाहावेत.

मागच्या वर्षी कर जादा भरला गेला असेल, तर मार्ग बंद झालेला नाही. मूळ विवरणपत्र भरल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत 'फॉर्म १०४०-एक्स' भरून दुरुस्ती करता येते आणि परतावा मागता येतो. अट एकच : रक्कम खरोखर थेट गेलेली असावी आणि संस्थेचे पत्र हाती असावे.

संस्थांनी काय करावे

क्यूसीडीसाठी संस्थेचे लेखी पत्र आवश्यक आहे आणि ते विवरणपत्र भरण्यापूर्वी दात्याकडे असावे. पत्रात संस्थेचे नाव, दात्याचे नाव, रक्कम, तारीख आणि बदल्यात कोणतीही वस्तू किंवा सेवा दिली नाही, हे वाक्य असावे. देणगी थेट आयआरएमधून आली, असा उल्लेख केला तर उत्तम.

कंपनीकडून येणाऱ्या धनादेशावर दात्याचे नाव कधी ठळक नसते. मग खजिनदाराला पैसे कोणाचे ते कळत नाही आणि पत्र जात नाही. दात्याने आधीच एक ओळीचा निरोप द्यावा. संस्थेनेही देणगीच्या आवाहनात आपला कर ओळख क्रमांक आणि धनादेशावर लिहायचे अचूक नाव छापावे.

अमेरिकेच्या कायद्यात 'चर्च' हा शब्द असला, तरी त्यात विहार, मंदिर, मशीदही येतात. निकष पूर्ण करणाऱ्या विहाराला करमुक्तीसाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. त्यामुळे एखादा विहार कर खात्याच्या संकेतस्थळावरील संस्थांच्या यादीत दिसला नाही, तरी तो अपात्र असेलच असे नाही. सामाजिक संघटना, अभ्यास मंडळे आणि शिष्यवृत्ती निधी यांना मात्र साधारणपणे मान्यता घ्यावी लागते. राज्यात नोंदणी झाली म्हणजे ५०१ सी ३ दर्जा मिळाला, असे होत नाही. देणगी मागण्यापूर्वी पदाधिकाऱ्यांनी हे तपासावे.

महाराष्ट्रातील विहाराला थेट देता येईल का?

हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर : नाही. नागपूर, औरंगाबाद किंवा मुंबईतील ट्रस्टला आयआरएमधून थेट पाठवलेली रक्कम क्यूसीडी होत नाही. भारतातील ८०जी ची पावती अमेरिकेच्या विवरणपत्रात उपयोगी पडत नाही. ८०जी ही भारताच्या प्राप्तिकरातली वजावट आहे, तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांसाठी. दोन देशांचे दोन कायदे आहेत आणि एकाची पावती दुसऱ्याकडे चालत नाही.

अमेरिकेतील पात्र संस्था आपल्या उद्दिष्टांनुसार भारतात काम करू शकते किंवा अनुदान देऊ शकते. पण निर्णय आणि नियंत्रण तिचे असले पाहिजे. 'माझे पैसे अमुक गावच्या विहाराला पोहोचवा' असे सांगून संस्थेचा केवळ टपाल पेटीसारखा वापर केला, तर दात्याची सवलत आणि संस्थेची मान्यता दोन्ही धोक्यात येतात.

इथल्या कार्यकर्त्यांसाठी दुसरी बाजू त्याहून गंभीर आहे. अमेरिकन संस्थेकडून किंवा अमेरिकन नागरिकाकडून आलेली देणगी ही एफसीआरए २०१० नुसार विदेशी देणगी असते. दाता जन्माने आपल्याच वस्तीतला असला, तरी नागरिकत्व बदलल्यावर तो कायद्याच्या दृष्टीने विदेशी स्रोत ठरतो. भारतीय पासपोर्ट कायम असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे त्यात येत नाहीत. विदेशी देणगीसाठी केंद्राची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेच्या एफसीआरए खात्यातच यावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. म्हणून 'आमच्याकडे नोंदणी नाही, शेजारच्या संस्थेच्या खात्यावर पाठवा' असे कोणीही सांगू नये. आपल्या संस्थांकडे तसेही बारीक नजरेने पाहिले जाते. कागदाची एक चूक वर्षानुवर्षांच्या कामाला कुलूप लावू शकते.

तरुणांनी उचलायची जबाबदारी

आपल्या ज्येष्ठांनी कर नेहमी वेळेवर भरला. सवलत मागणे अनेकांना संकोचाचे वाटते. 'दान दिले, आता त्याचा हिशेब कशाला', असे ते म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. दानाची भावना मनाची असते, पण पैसा समाजाचा असतो. वर्षाला वाचलेले हजार-तेराशे डॉलर एखाद्या विद्यार्थ्याची पुस्तके, प्रवेश फी किंवा वसतिगृहाचे भाडे होऊ शकतात. कायद्याने दिलेला हक्क कायद्याच्या भाषेत मागणे ही बाबासाहेबांनीच आपल्याला लावलेली सवय आहे.

अमेरिकेत ६० वर्षांवरील नागरिकांसाठी करविवरण मोफत भरून देणारी 'टॅक्स कौन्सेलिंग फॉर द एल्डर्ली' ही सरकारी साहाय्याची योजना आहे. तिचे स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन काम करतात. आपल्या तरुणांनी ते प्रशिक्षण घ्यावे आणि दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये विहारात एक रविवार या कामासाठी ठेवावा. तिथे १०९९-आर, विहाराचे पत्र आणि मागच्या वर्षीचे विवरणपत्र एवढे तीन कागद घेऊन ज्येष्ठांना बोलवावे. ४ ए आणि ४ बी या दोन ओळी तपासायला दहा मिनिटे पुरतात.

जय भीम! नमो बुद्धाय!